गुडघ्याची तपासणी

माझ्या कामाचं नाव टेबलावरच्या पाटीत मावत नाही. माजी सैनिक व कुटुंबीय लाभ सल्लागार. प्रत्यक्षात काम काय, तर लोकांनी चुकीचे भरून आणलेले फॉर्म बरोबर भरायला लावायचे आणि वरच्या साहेबलोकांच्या मागे भुणभुण लावायची. एकोणीस वर्षं तेच करतेय. डोकं तापट आहे माझं. ऑफिसातला शिपाईसुद्धा चहा टेबलाच्या कडेला ठेवून लांबूनच निघून जातो.

तापणार नाही तर काय होईल? सैन्यातली माणसं दुखणं लपवण्यात पटाईत. डॉक्टरनं "कसं वाटतंय?" विचारलं की पाठ ताठ करून "एकदम ठीक, साहेब" म्हणून मोकळी. एकाला डाव्या कानानं काही ऐकू येत नव्हतं. त्यानं डॉक्टरच्या ओठांकडे बघून सगळी उत्तरं बरोबर दिली आणि कानाचा लाभ घालवून बसला. वर मलाच विचारतो, "पास झालो ना, बाई?" आता अशा माणसापुढे हसायचं की कपाळ बडवून घ्यायचं, सांगा.

तोफखान्यातले काका त्यातलेच. ऑफिसात सगळे त्यांना तोफखान्यातले काका म्हणायचे, कारण सव्वीस वर्षं त्यांनी तोफांजवळ काढली होती. शेवटच्या वर्षी सरावात एक गोळा वेळेआधी फुटला आणि डोक्याला मार बसला. आता वय बहात्तर. दिवसभर माणूस लाखात एक. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणार, कुंड्यांना पाणी घालणार, माझी फिरकी घेणार. अडचण एकच, त्या जुन्या मारानं सहा वर्षांपूर्वी सुरू झालेली, झोपेतून उठताना. उठल्यावर पाच-सात मिनिटं ते घरात नसतात. कुठं असतात देव जाणे. त्या वेळात जवळ जाईल तो शत्रू. आणि त्या घरात जवळ जाणारं माणूस एकच, काकू.

सहा वर्षांत काकूंची एक बरगडी मोडली, खांदा निखळला, गेल्या वर्षी काकांचे हात गळ्यापर्यंत गेले. हे काकूंनी मला ऑफिसात सांगितलं, दार लावून घेऊन, इतक्या हळू आवाजात की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. काकांना यातलं काही आठवत नाही. ते "किती वाजले?" असं विचारतात, तेव्हा समजायचं की परत आले. तोवर काकू उंबऱ्याबाहेर उभ्या राहतात. पण कधी झोपेत पडतील म्हणून, कधी गॅसवर काही आहे म्हणून, पाय आत पडतो.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला. "हे त्यांना कळता कामा नये. आयुष्यात माझ्यावर हात उगारला नाही त्यांनी. कळलं तर तो माणूस जगायचा नाही गं. कागदावरसुद्धा नको. वचन दे."

मी दिलं. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

आम्हाला हवा होता पूर्णवेळ परिचारक. शिकलेला, अंगापिंडानं धड, खात्यानं नेमलेला. फॉर्मात चौदावा प्रश्न आहे: लाभार्थीकडून घरातील व्यक्तीस इजा झाली आहे काय? तिथं "होय" लिहिलं की काम फत्ते. पण फॉर्मच्या खाली काकांची सही लागते, आणि काका प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय सही करत नाहीत. म्हणून काकू तिथं "नाही" लिहायच्या. अर्ज दोनदा परत आला. शेरा एकच, लाभार्थी स्वतःची कामे स्वतः करू शकतात. तिसऱ्या वेळेला मी अक्षरशः भांडून घरची तपासणी पदरात पाडून घेतली. ही शेवटची संधी होती. यात नापास म्हणजे प्रकरण बंद आणि पुढचा अर्ज दोन वर्षांनी. दोन वर्षं थांबायला आधी काकू शिल्लक राहायला हव्यात.

माझा बेत साधा होता. काकूंनी तोंडानं एवढंच म्हणायचं, की उठताना जरा गोंधळतात. बाकी घर बोलेल. झोपायच्या खोलीच्या दाराला बाहेरून लावलेली कडी, स्वयंपाकघरात काकूंचं वेगळं अंथरूण, सुऱ्यांच्या खणाला कुलूप. काकांना वेगवेगळी कारणं सांगितली होती. कडी वाऱ्यासाठी, अंथरूण त्यांच्या घोरण्यासाठी, कुलूप मुंग्यांसाठी. तपासणी अधिकारी थोडा जरी शहाणा असला तरी त्याला न सांगता कळलं असतं.

आणि काकांना सांगितलं होतं, की परिचारक गुडघ्यासाठी मागतोय, म्हणून ही गुडघ्याची तपासणी आहे.

मंगळवारी साडेतीनची वेळ होती. मी अडीचलाच पोचले. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले.

घर नुसतं लखलखत होतं. फरशीत तोंड दिसेल अशी पुसलेली. चादरीला एक सुरकुती नाही. खिडकीच्या काचा, पितळी हँडल, कुंड्यांच्या कडा, सगळं घासूनपुसून लख्ख. खुर्च्या एका रेषेत. काका त्यातल्या एका खुर्चीत, गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. मला बघून उभे राहिले.

"या बाई. तुम्ही आज केस विंचरून आलात. अधिकारी बिनलग्नाचा आहे वाटतं."

"बसा काका," मी म्हटलं. "तुम्हीही नवरदेवच दिसताय."

"तपासणी म्हणजे तपासणी. गुडघा दुखतो म्हणून काय गबाळं राहायचं?"

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. अंथरूण गायब. खणाचं कुलूप गायब. काकू ओट्यापाशी कप पुसत उभ्या, लांब बाह्यांचा स्वेटर घालून. आधीच पुसलेले कप पुन्हा पुसत होत्या.

"काकू, हे काय करून ठेवलंत?"

"अगं, मला कळत होतं," त्या कुजबुजल्या. "तू दहा वेळा सांगितलंस, काही आवरू नका. पण तपासणी हा शब्द ऐकला की हात थांबत नाहीत. पंचवीस वर्षं क्वार्टरमध्ये काढली. अधिकारी येणार म्हटलं की चहाच्या डब्यांची झाकणंसुद्धा एका दिशेला करायचो आम्ही. सकाळी सहाला ते उठले आणि कामाला लागले. मी काय सांगून थांबवू त्यांना? मुंग्यांचं कुलूप राहू द्या म्हणू?"

"आणि कडी?"

काकूंनी फक्त मान हलवली. मी जाऊन पाहिलं. कडी काढली होती, स्क्रूची भोकं बुजवून वर रंगाचा हात मारला होता. रंग अजून ओला होता. काका मागून आले.

"दाराला बाहेरून कडी, हे काय बरं दिसतं?" ते म्हणाले. "बघणाऱ्याला वाटेल, आत कोणाला कोंडतात."

मी काय बोलणार, डोंबल? स्वयंपाकघरात परत आले. माळ्यावरून अंथरूण काढायला स्टुलावर चढले तर काका पुन्हा दारात. "बाई, ते कशाला काढताय? आत्ता तर व्यवस्थित लावलं." काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी गादी होती तशी आत ढकलली आणि खाली उतरले. धूळसुद्धा नव्हती हो माळ्यावर. पुसला होता.

घड्याळात पावणेतीन झाले होते. मी मनातल्या मनात हिशोब मांडला. अधिकारी येणार, काका ताठ उभे राहणार, "एकदम ठीक, साहेब" म्हणणार, गुडघा वाकवून दाखवणार. घरात पुरावा म्हणून एक टाचणी नाही. काकू चौदाव्या प्रश्नावर नाही म्हणणार. वीस मिनिटांत शेरा, लाभार्थी स्वतःची कामे स्वतः करू शकतात. मला त्या दोघांचा इतका राग आला म्हणून सांगू, आणि रागाच्या खालून रडूही येत होतं.

"काकू, तुम्ही स्वतः सांगा त्याला. बाजूला नेऊन. मी सोय करते."

"तो लिहील ना. लिहिलं की त्याची प्रत घरी येते. पत्र तेच उघडतात."

"मग काय करायचं? तुम्हीच सांगा."

"तू हुशार आहेस," काकू म्हणाल्या. असलं काही ऐकलं की माझं टाळकं सटकतं, पण त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

सव्वातीनला माझा फोन वाजला. तपासणी अधिकारी. आवाज मऊ, माफी मागणारा. आधीच्या घरी एक आजी एकट्याच होत्या, त्यांना सोडून निघता आलं नाही, पाऊण तास उशीर होईल. मी "चालेल, चालेल" म्हणून फोन ठेवला.

काकांची दुपारची झोप दोनची. गेली कित्येक वर्षं त्यात खंड नाही. आज तपासणीसाठी त्यांनी ती टाळली होती आणि सकाळी सहापासून घासपूसही केली होती. साडेतीन वाजता त्यांच्या पापण्या जड झाल्या. खुर्चीत ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर, आणि हनुवटी हळूहळू छातीकडे. काकू लगेच समोरून म्हणाल्या, "अहो, पेपरात काय आलंय आज?" काका दचकून जागे. दोन ओळी वाचून दाखवल्या, पुन्हा हनुवटी खाली. काकूंनी चमचा खाली पाडला. काका जागे. "अहो, पंखा वाढवू का?" काका जागे.

हे असं पंधरा मिनिटं चाललं. मी कोपऱ्यात बसून बघत होते आणि माझ्या डोक्यात एक विचार आला. तो कुठून आला हे सांगायची गरज नाही, माझ्याच डोक्यातून आला. काका झोपले, आणि उठताना अधिकारी इथं असला, तर कोणाला काही लिहावं लागणार नाही, कोणाला काही सांगावं लागणार नाही. तो स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. उठल्यावर काकांना आठवणार नाहीच. वचनही राहील आणि परिचारकही मिळेल.

काकूंनी पुन्हा चमचा उचलला. मी जाऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या त्यांना. लागू दे जरा डोळा."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना समजलं. इतक्या लवकर समजलं, की तो विचार त्यांनी आधी कधीतरी करून टाकून दिला असावा असं मला वाटलं.

"नको गं. परका माणूस आहे तो."

"मी आहे ना."

मी आहे ना. काय होते मी? फाइल आणि दोन पेनं घेऊन आलेली बाई. पण काकू सहा वर्षांच्या दमलेल्या होत्या. "मी आहे ना" असं कोणी त्यांना म्हणालं नव्हतं बहुतेक. त्या ओट्यापाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. काकांची हनुवटी छातीला टेकली, हात गुडघ्यांवरून घसरले. घोरत वगैरे नव्हते. अगदी शांत.

चार वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली नाही, अधिकाऱ्यानं दारावर हळूच टकटक केलं. मी उघडलं. चाळिशीचा माणूस, चष्मा, खांद्याला बॅग, कपाळावर घाम. बूट बाहेर काढू का म्हणून त्यानं विचारलं.

हीच ती वेळ होती. मी फक्त चार शब्द बोलायचे होते. लांबून बघा, जवळ जाऊ नका. शब्द तोंडात तयार होते. पण लांबून बघितलं असतं तर काय दिसलं असतं? खुर्चीत झोपलेला एक नीटनेटका म्हातारा.

"या," मी म्हटलं. "काका आत बसलेत."

बसलेत म्हटलं मी. झोपलेत नाही म्हटलं.

तो आत आला. काकू ओट्यापाशी वळल्या. काका झोपलेले बघून तो थांबला, माझ्याकडे बघून हसला, बॅग आवाज न करता खाली ठेवली. मला वाटलं, आता हाक मारेल. लांबूनच मारेल. पण तो चांगला माणूस होता. म्हाताऱ्या माणसाला ओरडून उठवू नये एवढं त्याला कळत होतं. तो पुढे गेला, वाकला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "काका?"

काकांचे डोळे उघडले तेव्हा त्यात कोणी नव्हतं.

मला नीट क्रम लागत नाही. खुर्ची मागे उलटली. अधिकाऱ्याची पाठ भिंतीवर आपटली आणि काकांचा एक हात त्याच्या गळ्यावर होता, कोपर त्याच्या छातीत. चष्मा फरशीवर घसरत लांब गेला. काका ओरडत नव्हते, हेच जास्त भयंकर होतं. एक शब्द नाही. बहात्तरीचा माणूस आणि काय ती ताकद. अधिकाऱ्याचा चेहरा आधी लाल, मग निळसर व्हायला लागला, त्याचे पाय फरशीवर सरकत होते. मी जागची हलले नाही. "मी आहे ना" म्हणणारी मी, फाइल छातीशी धरून उभी राहिले.

काकू धावल्या. त्यांनी दोघांच्या मध्ये स्वतःला घुसवलं, अगदी सवयीनं, एक खांदा पुढे करून. काकांनी गळा सोडला आणि काकूंचा डावा हात पकडला. पिरगळला. मी तो आवाज ऐकला. काकूंनी तोंडातून ब्र काढला नाही. गुडघ्यांवर खाली बसल्या आणि खालून, मान वर करून, रोजच्या आवाजात म्हणत राहिल्या, "घरी आहात. घरी आहात. घरी आहात."

किती वेळ गेला, माहीत नाही. अधिकारी भिंतीला टेकून खोकत होता. काकांच्या खांद्यातला ताठपणा हळूहळू गेला. पापण्या दोनदा मिटल्या. त्यांनी हात सोडला.

"किती वाजले?"

"सव्वाचार," काकू म्हणाल्या.

नेहमी इथं गोष्ट संपायची. काकू उठून चहा टाकायच्या, दुखणारा अवयव बाहीत जायचा, आणि काका पेपर घ्यायचे. पण आज खोलीत एक परका माणूस होता, शर्टाची दोन बटणं तुटलेला, गळ्यावर बोटांचे वळ असलेला. फरशीवर चष्मा होता, खुर्ची पालथी होती. आणि बायको जमिनीवर बसून हात पोटाशी धरून होती. काकांनी हे सगळं एकेक करून बघितलं. नजर फिरवायची पद्धत तीच, सकाळी खोलीवरून फिरवली असेल तशी.

"हाताला काय झालं?"

"काही नाही हो. दार लागलं."

"कुठलं दार?"

काकूंनी हात पोटाशी आणखी घट्ट धरला. काकांनी अधिकाऱ्याकडे बघितलं, त्यानं मान खाली घातली. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही इथं होतात. कुठलं दार?"

ऑफिसात भल्याभल्यांना गप्प करणारी मी. आणि माझं गप्प राहणं त्यांना पुरलं. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं, आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

अधिकाऱ्यानं चष्मा उचलला आणि मला बाहेर बोलावलं. जिन्याजवळ उभं राहून त्यानं आधी डॉक्टरांना फोन लावला, काकूंच्या हातासाठी. बोलताना त्याचा आवाज फाटत होता. फोन ठेवून तो माझ्याकडे वळला.

"तुम्हाला हे माहीत होतं का?"

मी त्याच्या शर्टाच्या तुटलेल्या बटणांकडे बघत होते.

"मी नीट विचारतोय, कारण मला लिहायचंय," तो म्हणाला. "माहीत नव्हतं म्हणालात तर हा अपघात. परिचारक मी मंजूर करतो, तो पंधरा-वीस दिवसांत येईल. माहीत होतं म्हणालात तर हा आधीपासून ठाऊक असलेला धोका. मग आज संध्याकाळच्या आत माणूस पाठवणं खात्याला बंधनकारक आहे. पण मग तुम्ही मला दारात का सांगितलं नाही, हेही मला लिहावं लागेल. त्यावर चौकशी होईल. नोकरीवर येऊ शकतं."

त्याच्या गळ्यावरचे वळ आता गडद झाले होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. मला त्याच्यासमोर लाज वाटली आणि स्वतःची किळस आली. एकोणीस वर्षं लोकांना सांगत आले, खरं ते लिहा, शूरपणा करू नका. माझ्या निवृत्तीला सहा वर्षं राहिली होती. घरी सासूबाईंची औषधं, नवऱ्याचं बंद पडलेलं दुकान, हे सगळं एका दमात डोक्यात येऊन गेलं. आणि त्याच दमात पंधरा-वीस दिवसही आले, रोज दोनदा झोपून उठायचं धरलं तर तीस-चाळीस वेळा.

"माहीत होतं," मी म्हटलं. "मीच झोपू दिलं त्यांना."

"मला सांगितलं असतंत तर मी विश्वास ठेवला असता," तो म्हणाला. मग त्यानं बॅगेतून फॉर्म काढला आणि तिथंच भिंतीवर धरून लिहायला लागला.

हे ऐकून मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. विश्वास ठेवला असता. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांत इतके शेरे वाचले होते, की पलीकडे माणूस असतो हे मी विसरूनच गेले होते. मी सही केली आणि आत गेले. काकूंना सांगायचं होतं, की आज संध्याकाळी माणूस येतोय, झालं काम.

आत खुर्ची पुन्हा सरळ झाली होती. काकू तिच्यावर बसल्या होत्या, मनगटावर ओला टॉवेल. काका त्यांच्यासमोर जमिनीवर, दुखरा गुडघा मुडपून. त्यांनी काकूंच्या स्वेटरची उजवी बाही कोपरापर्यंत वर सरकवली होती. कोपराच्या आतल्या बाजूला एक पिवळसर डाग होता, त्याच्या वर एक जुना व्रण.

"हे कधीचं?" काकांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"अहो, राहू द्या ना. लागतं काहीबाही."

"तारीख सांग."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तू वचन दिलं होतंस," त्या मला म्हणाल्या. मला वाटलं, त्या शिव्या देतील तर बरं. दिल्या नाहीत.

काकांनी वळून बघितलं नाही. "बाई, आलात का? बसा. फाइल उघडा. त्यात एक प्रश्न आहे, घरातल्या माणसाला इजा झाली का म्हणून. मी दोनदा त्याच्या खाली सही केली. उत्तर नाही होतं. वाचून केली होती मी सही, पूर्ण वाचून." ते थांबले. "खोट्यावर केली. आता खरं लिहून घ्या. तारखा ही सांगेल. हिला आठवतात. हिला सगळ्यांचे वाढदिवस आठवतात."

"काका, आता त्याची गरज नाही," मी म्हटलं. "माणूस मंजूर झालाय. आज संध्याकाळी येतोय."

"गरज मला आहे," काका म्हणाले.

मी स्टूल ओढून बसले. पेन काढलं. काकू भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांनी एक तारीख सांगितली, गेल्या महिन्यातली. मी लिहिली. काकांनी वरच्या जुन्या व्रणावर बोट ठेवलं नाही, शेजारी ठेवलं. "आणि हा?" काकूंनी दुसरी सांगितली. ती दोन वर्षांपूर्वीची होती. त्या दिवशी काकांनी मला फोन करून विचारलं होतं, हिचा खांदा बाथरूममध्ये घसरून निखळलाय, त्याला काही लाभ आहे का. मी तेही लिहिलं.

"पुढची."

काकूंनी सांगितली. आवाज आता रडवेला राहिला नव्हता, सपाट झाला होता, वाण्याची यादी सांगावी तसा. प्रत्येक तारखेला काका मान हलवत होते. हात गळ्यापर्यंत गेले त्या दिवसाची तारीख काकूंनी सांगितली तेव्हा काकांनी डोळे मिटले, पण लगेच उघडले, मिटायची भीती वाटल्यासारखे. माझं पान भरलं. मी उलटलं.

"बस," काकू म्हणाल्या आणि बाही खाली ओढली. "झालं. एवढंच."

काकांनी काकूंच्या दुखऱ्या डाव्या हातावरचा टॉवेल अलगद बाजूला केला, आणि ती बाही वर सरकवायला घेतली.